दाजींची बैठक

माझ्या ताईचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच टेम्पो चालवायला शिकलो होतो आणि ताईच्या नवऱ्याला टेम्पो चालवणारा माणूस हवा होता. असा मी त्यांच्या धंद्यात शिरलो. ते माझे दाजी. मी दाजी म्हणायचो म्हणून हाताखालची माणसंही दाजी म्हणायला लागली, मग गिऱ्हाइकं, मग गिऱ्हाइकांचे शेजारी. एकदा बँकेतल्या मॅनेजरबाई त्यांना "या दाजी, बसा" म्हणाल्या, तर ताई घरी येऊन म्हणाली, "मला एवढी भावंडं झाली कधी?"

धंदा घरं हलवण्याचा. लोक एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्यांचं सामान आम्ही नेतो. कपाटं, पलंग, फ्रिज, शिवणाची मशिनं, कोणाच्या तरी आजोबांचं अवजड टेबल, जे कुणालाच नको असतं पण टाकायची हिंमत कुणात नसते. दाजी उंचीला बेताचे, रुंदीला मात्र कसर नव्हती. दारात उभे राहिले की दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. आयुष्यभर वजनं उचलल्यामुळे त्यांची नजरच तशी झाली होती. नवीन माणूस भेटला की त्यांच्या मनात पहिला विचार यायचा, याला धरायचं कुठून. माझ्या एका लठ्ठ मित्राशी ओळख करून दिली तेव्हा त्याचा हात हातात घेऊन त्याच्याकडे नीट पाहत ते म्हणाले, "तीन माणसं. जिना अरुंद असला तर चार."

उचलण्याचे त्यांचे नियम होते आणि ते आम्हाला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. मुठीला धरून काही उचलायचं नाही, मूठ शोभेला असते. वळणावर घाई करायची नाही. उचलताना एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. हा एकजण अर्थातच दाजी.

आणखी एक गोष्ट म्हणजे दाजी बसत नसत. काम चालू असताना बसणं त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांच्या मते काम कायम चालूच असायचं. डबा टेम्पोच्या बॉनेटवर उघडून उभ्यानेच खायचे. चहा उभ्याने. घरी आले तरी ओट्याला टेकून जेवायचे, आणि ताईने फारच आग्रह केला तर उंच स्टुलावर बूड टेकवल्यासारखं करायचे. आम्हाला वाटायचं, केवढा दम आहे या माणसात. आम्ही दमून जिन्यात बसलो की आपोआप आम्हालाच लाज वाटायची.

आमच्यात माझ्याशिवाय तिघं होते. लांब्या, नावाप्रमाणेच लांब, मनाने हळवा. वकील, जो खरा वकील नव्हता, पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय उचलत नसे. आणि मौनी. मौनी बोलायचा नाही. बोलता येत नव्हतं असं नाही. गरज पडत नव्हती, एवढंच. बाकीची जागा वकील भरून काढायचा.

तर आमच्याच भागात एक कोरियन नूडल्सचं छोटंसं हॉटेल होतं. गल्लीच्या तोंडाशी, चार टेबलं, काचेवर वाफ धरलेली. एक मालकीणबाई आणि त्यांच्या सासूबाई मिळून चालवायच्या. मालकीणबाई मराठी फाडफाड बोलायच्या. सासूबाईंना येत नव्हती आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. त्या आत कणीक मळायच्या, लाटायच्या, घडी घालून सुरीने सपासप कापायच्या, आणि त्याच्या नूडल्स रश्शात सोडायच्या. त्या पदार्थाला कालगुक्सू म्हणतात. ते हॉटेल त्याच गल्लीत पलीकडे मोठ्या जागेत जाणार होतं आणि सामान हलवायचं काम आमच्याकडे आलं.

सगळ्यात जड होतं ते सासूबाईंचं कणीक लाटायचं दगडी टेबल. ते हलवताना सासूबाई त्याच्या बाजूने अशा चालत होत्या, जणू घरातल्या पेशंटला स्ट्रेचरवरून नेताहेत. दाजींनी ते कुठेही न आपटता नव्या जागेत ठेवलं. सासूबाईंनी दगडावरून हात फिरवला, दाजींच्या दंडावरून हात फिरवला, आणि सुनेला काहीतरी सांगितलं.

"त्या म्हणतात, हॉटेल सुरू झालं की तुम्ही सगळ्यांनी जेवायला यायचं," मालकीणबाई म्हणाल्या. "आमचे पाहुणे म्हणून."

दाजी म्हणाले, "कामात वेळ कुठे मिळतो."

सासूबाईंना भाषा कळत नव्हती, पण नकार कळला. त्यांनी दाजींचा दंड जोरात दाबला. दाजी म्हणाले, "येऊ."

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. सकाळचं एक काम उरकलं होतं आणि नंतर एका बाईंचा पलंग दुसऱ्या इमारतीत न्यायचा होता. मधल्या वेळात पटकन जेवून निघायचं असं दाजींनी सांगितलं होतं. नवी जागा ऐसपैस होती. पुढच्या भागात टेबलखुर्च्या, त्या सगळ्या भरलेल्या. मागच्या बाजूला गुडघ्याएवढा उंच लाकडी ओटा, त्यावर बुटकी टेबलं आणि पातळ उशा. तिथे चपला काढून, ओट्यावर चढून, मांडी घालून बसायचं.

"तुमच्यासाठी ही खास जागा ठेवलीय," मालकीणबाई म्हणाल्या.

लांब्या, वकील आणि मौनी चपला काढून वर चढलेसुद्धा. दाजी खालीच उभे.

"मी इथेच ठीक आहे," ते म्हणाले. "उभ्याने खातो. सवय आहे."

"छे, असं कसं. पाहुणे उभे राहिले तर सासूबाई मला घराबाहेर काढतील."

सासूबाई पडद्याआडून बघत होत्याच. दाजींनी ओट्याकडे पाहिलं. एखाद्या गिऱ्हाइकाने पियानो गच्चीवर न्यायचाय म्हटल्यावर ते जिन्याकडे बघायचे, तसं. मग आधी ओट्याच्या कडेवर टेकले, मागे सरकले, एक पाय हाताने उचलून वर घेतला, दुसरा घेतला, टेबलाला धरलं, आणि शेवटचं वीतभर अंतर देवावर भरवसा ठेवून सोडून दिलं. धप्पकन आवाज झाला. शेजारच्या टेबलावरची वाटी सरकली.

"बसलो," दाजी म्हणाले. का सांगितलं ते तेव्हा कळलं नाही.

जेवण आलं. आधी छोट्या छोट्या बशा: कोबीची लालभडक किमची, मुळा, मोड आलेलं काहीतरी. मग प्रत्येकापुढे घमेल्याएवढा वाडगा, वाफाळता, आत जाडसर पांढऱ्या नूडल्स, बटाटा, शिंपल्या. लांब दांड्याचा चमचा आणि धातूच्या चपट्या काड्या. वकील म्हणाला, "या काड्या अशा धरायच्या," आणि धरून दाखवल्या. नूडल्स सुळकन निसटून त्याच्या शर्टावर पडल्या. मौनीने न बोलता निम्मा वाडगा संपवलेला होता. लांब्याची धडपड बघून मालकीणबाई कात्री घेऊन आल्या आणि त्याच्या वाडग्यातल्या नूडल्स कचाकच कापून दिल्या. लांब्या गहिवरला. म्हणाला, लहानपणी आई असं कालवून द्यायची.

जेवण खरंच सुरेख होतं. किमचीने नाकातून पाणी, रश्शाने पोटाला ऊब. आमचे वाडगे रिकामे झाले. मी घड्याळ बघितलं, टेम्पोची किल्ली हातात घेतली आणि दाजींकडे पाहिलं.

दाजी म्हणाले, "अजून एक घेऊ."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवणानंतर बडीशेप खायलाही थांबू न देणारा हा माणूस.

दुसरा वाडगा आला. दाजींनी तो सावकाश, एकेक नूडल मोजल्यासारखा खाल्ला. सासूबाई पडद्याआडून बघत होत्या, त्यांचा चेहरा फुलला होता. वाडगा संपला.

"निघायचं का दाजी?" मी विचारलं. "पलंगवाल्या बाई वाट बघत असतील."

"घाई काय आहे," दाजी म्हणाले. "जरा बसू."

मला वाटलं माझ्या कानात रस्सा गेलाय. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी "जरा बसू" कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिसरा वाडगा मागवला. सासूबाई या वेळी स्वतः घेऊन आल्या, त्यांच्यासमोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आता तो खाल्ल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

वकिलाने मला खुणेने चेहरा जवळ आणायला सांगितलं. "कळलं का तुला?" तो कुजबुजला.

"काय?"

"दाजी धंदा बंद करणार. सांगायचं कसं कळत नाहीये म्हणून वेळ काढताहेत. पाहुणचार निमित्त आहे."

"काहीतरीच."

"मग बसलेत का? सांग ना. बसलेत का?"

वकिलाची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं मोठ्याने बोलणं. लांब्याने ती ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. काही वेळ तो रिकाम्या वाडग्यात चमचा फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, "दाजी, मला काही सांगायचंय."

"सांग."

"त्या शिक्षिकाबाईंच्या कपाटाचा पाय आधीच मोडलेला नव्हता. मी मोडला. मी तो परत लावला आणि गप्प बसलो."

दाजींचं रागावणं म्हणजे ते आधी उठायचे, मग माणसाभोवती फेऱ्या मारायचे, आणि प्रत्येक फेरीला आवाज चढायचा. आता ते नूडल्सचा घास तोंडात धरून लांब्याकडे बघत राहिले.

"हं," ते म्हणाले.

बस. फक्त हं. लांब्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं मन या माणसाचं, आणि आपल्याला आजवर कळलं नाही, असं त्याला झालं. माझ्याकडे वळून तो पुटपुटला, "खरंच बंद करणार रे."

आता वकिलालाही राहवेना. त्याने घसा साफ केला. "दाजी, तुम्ही जो काही निर्णय घ्याल त्यात आम्ही तुमच्याबरोबर आहोत. पण माझ्याही मनात एक गोष्ट आहे. पलीकडच्या त्या सामान हलवणाऱ्या मोठ्या कंपनीने मला भेटायला बोलावलं होतं. मी गेलो होतो."

"मग?"

"नाश्ता केला आणि परत आलो. त्यांच्याकडे उचलताना सगळे एकदम बोलतात. मला ते काही पटलं नाही."

दाजींनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वकिलाला वाटलं, आपलं बोलणं त्यांच्या काळजाला भिडलं. मला वाटलं, किमची. दाजींचा एक हात टेबलाखाली होता आणि तो कशालातरी घट्ट धरून होता.

मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते घडलं. मौनी बोलला.

"मला उचलायला आवडतं," तो म्हणाला.

एवढंच. पण तो ते अशा रीतीने म्हणाला की वकीलसुद्धा गप्प झाला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही सगळेच गलबललो. पुढे ताईकडून कळलं की त्याच क्षणी त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. पण दाजी आजही म्हणतात, थोडं मौनीमुळेही होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलंगवाल्या बाई. मी फोन दाजींपुढे धरला.

"आज जमत नाही बाई," दाजी म्हणाले. "उद्या सकाळी पहिलं काम तुमचं."

घरात ताप असला, रस्त्यावर पाणी साचलं, टेम्पोचं चाक निखळलं, तरी दाजींनी घेतलेलं काम कधी पुढे ढकललं नव्हतं. आता मला वाटलं, यांना बरं नाहीये. छातीत दुखतंय आणि सांगत नाहीयेत. मी सरकत त्यांच्या शेजारी गेलो.

"दाजी, काय होतंय? मला सांगा. ताईला फोन करू?"

"ताईला अजिबात नाही," ते ओठ न हलवता म्हणाले. "टेम्पो दाराला लाव."

"बरं."

"पट्टे काढ. मोठे दोन. आणि जाड ब्लँकेट."

"काय उचलायचंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली आपल्या मांडीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"मला," ते म्हणाले.

हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. उजवा गुडघा कित्येक वर्षांपासून गेलेला. उभं राहिलं, चाललं, चढलं तर चालतो, पण एकदा खाली बसलं की अडकतो. म्हणून खाली बसायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता अडकला होता, आणि त्याच्या जोडीला डावा पाय झोपी गेला होता. वाटलं होतं, जरा वेळ गेला की सुटेल, म्हणून एकेक वाडगा मागवत राहिले. आणि आता तीन वाडगे रस्सा पोटात होता.

"आणि मला बाथरूमला जायचंय," दाजी म्हणाले. "लवकर."

मी बाकीच्यांना सांगितलं. लांब्याला कळून चुकलं की कपाटाच्या पायाचं उगाच सांगितलं. वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माणूस अडकला म्हटल्यावर तिघंही कंबर कसून उठले. लांब्याने घाईघाईत दाजींचे दोन्ही हात धरून ओढायला सुरुवात केली.

"मुठीला धरायचं नाही," दाजी ओरडले. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं.

सासूबाई धावत बाहेर आल्या. सुनेने त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर आधी हिरमोड दिसला, कारण तिसरा वाडगा आवडीने खाल्ला नव्हता असा त्याचा अर्थ होत होता. मग त्यांनी पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले, ओट्यावर चढल्या आणि दाजींच्या समोर टुणकन मांडी घालून बसल्या.

"त्या दाखवताहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी पालथं व्हायचं. मग रांगायच्या अवस्थेत यायचं. मग एक पाय पुढे."

सासूबाई पालथ्या झाल्या, रांगल्या, उठल्या. परत बसल्या, परत उठल्या. वय दाजींच्या आईएवढं, आणि चपळाई चेंडूची. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा पुढच्या टेबलावरच्या कुणीतरी वाहवा केली.

"त्यांना सांगा," दाजी म्हणाले, "मी पालथा झालो तर पालथाच राहीन."

मी टेम्पो दाराला लावला आणि पट्टे घेऊन आलो. तोवर वकिलाने आजूबाजूची बुटकी टेबलं हलवून जागा केली होती. शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले गृहस्थ आपला वाडगा छातीशी धरून उभे होते आणि उभ्यानेच खात होते. मौनीने ब्लँकेटची घडी करून ती दाजींच्या खाली इंच इंच सरकवली. एक पट्टा मांड्यांखालून, एक पाठीमागून बगलांखालून. सगळं जसं कपाटाला करतो तसंच.

"हं, ऐका," दाजी म्हणाले. "मी सांगतो. लांब्या पाठीकडे, वकील..."

"एक मिनिट दाजी," वकील म्हणाला. "उचलताना एकानेच बोलायचं."

"मग मी बोलतोय ना."

"तुम्ही सामान आहात. सामान बोलत नसतं. उचलणाऱ्यांपैकी एकाने बोलायचं, असं तुम्हीच शिकवलंय."

दाजींनी त्याच्याकडे जळजळीत पाहिलं, पण मुद्दा बरोबर होता. आणि पोटातल्या रश्शाला वादविवाद परवडण्यासारखा नव्हता.

"मग कोण बोलणार?" त्यांनी विचारलं.

वकिलाला वाटत होतं की आपण. लांब्याला वाटत होतं की आपण नको. मी ड्रायव्हर.

"मी," मौनी म्हणाला.

त्याने पट्टा मनगटाला गुंडाळला, गुडघे वाकवले, आणि त्याच्या छातीतून असा आवाज निघाला की स्वयंपाकघरातली झाकणं थरथरली. "धरा," मौनी म्हणाला. "पाठ ताठ. माझ्याबरोबर. आता."

दाजी उचलले गेले. मांडी घातलेल्या अवस्थेतच, ब्लँकेटसकट. ओट्यापासून हातभर वर गेले आणि तिथे थांबले. मी त्यांचे पाय सांभाळत होतो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, ओठ घट्ट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वजन दुसऱ्यांच्या हातात होतं.

"वळण," मौनी म्हणाला. "घाई नाही. लांब्या, कड बघ. वकील, बोलू नको."

"मी बोललो नाही."

"बोलणार होतास."

ओट्याच्या कडेवरून ते बाहेर आले. मौनीच्या शब्दावर पाय आधी सुटे झाले, मग खाली आले, मग जमिनीला टेकले. काही क्षण त्यांनी मौनीच्या खांद्याला धरून तोल सावरला. गुडघा कटकन वाजला. सगळ्यांनी तो आवाज ऐकला. मग दाजी भिंतीला हात लावत, न वळता, शक्य तितक्या रुबाबात बाथरूमकडे गेले.

चष्मेवाले गृहस्थ खाली बसले. लोक पुन्हा आपापल्या वाडग्यांकडे वळले. सासूबाईंनी मौनीचा दंड चाचपून पाहिला आणि सुनेला काहीतरी सांगितलं, पण सुनेने त्याचं भाषांतर केलं नाही, नुसती हसली.

दाजी परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, म्हणजे जेवढं वाकता आलं तेवढं. मालकीणबाईंना म्हणाले, "जेवण उत्तम होतं. पहिले दोन वाडगे मनापासून." मग चपला पायात सरकवत लांब्याला म्हणाले, "तुझी बाजू खाली होती."

"हो दाजी."

"आणि कपाटाच्या पायाचं उद्या बोलू."

टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले. मागे तिघं दोरांच्या ढिगावर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बरं उचललं पोरांनी."

"हो."

"मौनी उचलताना जीभ चावतो. तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं. मी कायम त्याच्या पाठीमागे किंवा समोर कपाट मध्ये घेऊन. चेहरा कधी दिसलाच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मध्ये मी डोळे उघडले होते. भीती वाटत होती, पडतो की काय. पण त्याचं तोंड बघितलं आणि म्हटलं, नाही पडत."

मी गाडी पुढे घेतली.

ताईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ताईला संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांकडून कळलं. मी दाजींना सोडायला घरात गेलो तर ती ओट्यापाशी उभी होती.

"किती वाडगे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तीन."

"गुडघ्याचं मी किती वर्षांपासून सांगतेय. तेव्हा मी वेडी. आणि उचलायला माझ्या भावाला नेलंत."

"त्याने फक्त पाय धरले," दाजी म्हणाले.

ताई रागावली तेवढीच हसलीही. मग ओट्याकडे तोंड करून बराच वेळ भांडी घासत राहिली. धुतलेलीच भांडी. त्यानंतरच्या आठवड्यात तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि तो उजेडात धरून नुसतेच बघत राहिले. शेवटी म्हणाले की या गुडघ्यावर माणूस चालतो कसा याचंच त्यांना आश्चर्य वाटतं. दाजींना ही तारीफ वाटली. त्यांनी ती सगळ्यांना सांगितली.

मग ऑपरेशन झालं. त्या दिवशी वॉर्डातले दोघं त्यांना पलंगावरून ट्रॉलीवर घ्यायला आले तर दाजींनी आधी त्यांना विचारलं, तुमच्यापैकी बोलणार कोण. ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचं आजवर तसं काही ठरलेलं नव्हतं. दाजींनी त्यांना तिथल्या तिथे ठरवायला लावलं. ऑपरेशनच्या खोलीत न्यायला उशीर झाला म्हणून नर्सबाई ओरडल्या, पण मी नंतर बघितलं, त्याच दोघांनी शेजारच्या पेशंटला उचललं तेव्हा एकजण बोलत होता आणि दुसरा गप्प होता.

गुडघा नवा झाला. दाजी चालायला लागले, पण वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. हे ऐकल्यावर ते काही दिवस घरात नुसते हातांकडे बघत बसायचे. बसायचे, म्हणजे खरोखरच बसायचे, खुर्चीत, आणि ताईला तेच सहन होईना. तिने मला फोन करून सांगितलं, "यांना घेऊन जा बाबा कामावर. नुसते उभे राहू देत, पण तिथे राहू देत."

आता कामाच्या ठिकाणी बोलतो मौनी. त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. एकदा वरच्या मजल्यावरून एका बाईंनी "हो, धरलंय" असं उत्तरही दिलं होतं, त्यांचा काही संबंध नसताना. दाजी आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दारं-जिने मोजून येतात, आणि सामान निघायच्या वेळी खाली हात मागे बांधून उभे राहतात. बोलायचं नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. पण कपाट वळणावर आलं, वरून खरखर आवाज यायला लागला की त्यांच्या जबड्याचा स्नायू उडायला लागतो. मग ते काय करतात, तर इमारतीला फेरी मारायला निघतात. एक फेरी, दोन फेऱ्या, कपाट टेम्पोत चढेपर्यंत.

लोकांचा समज असा झालाय की डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय. मागे एका इमारतीत एक निवृत्त पोस्टमास्तर रोज एकटेच चालत असत, ते आपणहून त्यांच्या बरोबरीने चालायला लागले. त्यांनी दाजींना विचारलं, "साखर का?"

दाजी वर जिन्याकडे बघत म्हणाले, "नाही. कपाट."

पोस्टमास्तरांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की त्यांच्या थोरल्या भावालाही तेच झालं होतं. नियमित चाललं की बरं वाटतं.